कोऱ्या पाठीचे सहा भुंगेरे

बुधवारी सकाळी तिने लाकडी पेटीचं झाकण उघडलं आणि खाली वाकून नीट पाहिलं.

पेटीत सहा भुंगेरे टाचण्यांना लावून ठेवले होते. काल दुपारी तिनेच लावलेले. मसुराच्या दाण्याहून थोडे मोठे, हिरवे, चपटे. पाय, डोकं, मिशा सगळं पाठीच्या ढालीखाली दडवलेलं. कासव जसं आपल्या पाठीखाली शिरतं तसंच, म्हणून त्यांना कासव-भुंगेरे म्हणतात. काल त्या ढाली अगदी गुळगुळीत होत्या. आज त्या मनुकांसारख्या सुरकुतल्या होत्या. एकीला तर मधोमध खड्डा पडला होता.

मेलेला भुंगेरा वाळतो, त्यात नवल नाही. त्याचा हिरवा रंग जाऊन पिवळट होतो, त्यातही नवल नाही. पण पुरत्या वाढलेल्या भुंगेऱ्याची पाठ नखासारखी टणक असते, ती कधी सुरकुतत नाही. सुरकुतते ती कोवळ्याची. कोषातून बाहेर येऊन ज्याला चार दिवसही झालेले नाहीत, त्याची पाठ अजून ओल्या पुठ्ठ्यासारखी असते. वाळली की आक्रसलीच.

"कोवळे," ती मोठ्याने म्हणाली. "सहाच्या सहा कोवळे."

दारापाशी बाटल्या पुसत बसलेले प्रयोगशाळेतले मामा हसले. "या खोलीत कोवळं कोण राहिलंय, मॅडम? आपण तर कधीच जून झालो."

तिला हसू आलं नाही. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा पेटीत डोकावली. सुरकुत्या तशाच होत्या. त्या जाणार कुठे?

पीक-संरक्षणाच्या त्या कार्यालयात किडे ओळखणं हे तिचं काम. दुसऱ्या मजल्यावर तिची खोली, खोलीत दोन सूक्ष्मदर्शक, त्यातला एक चालणारा. लोक शेतातून, बागांतून किडे आणून द्यायचे, ती भिंगाखाली पाहून नाव सांगायची, आणि त्या नावावर पुढचं सगळं ठरायचं. पुढ्यात तिला सगळे मॅडम म्हणत, पाठीमागे भिंगवाली.

हे सहा भुंगेरे सोमवारी एक करडईवाले काका घेऊन आले होते. गावाच्या टोकाला बंद पडलेल्या वीटभट्टीमागे मोठं माळरान होतं. तिथे कमरेएवढी उटकटारी माजलेली, पानापानाला काटे आणि वर निळसर गोल बोंडं. माळाला लागून काकांची करडई. करडईही काटेरीच, उटकटारीची सख्खी नाही तरी चुलत बहीण. काकांच्या करडईच्या पानांना भोकं पडली होती, आणि माळावर हे हिरवे भुंगेरे शेकड्याने दिसत होते. काकांनी दोन आणि दोन चार केले आणि बाटली भरून आणली.

आता यातली गोम अशी, की असे भुंगेरे दोन जातींचे असतात. दोन्ही हिरवे, दोन्ही चपटे, दोघांची लॅटिन नावं सारखीच जीभ अडखळवणारी. त्यातला एक जन्मभर उटकटारीच खातो. करडईत नेऊन सोडला तर उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही. दुसऱ्याला असली सोवळ्या-ओवळ्याची भानगड नाही. तो उटकटारीवर वाढतो आणि करडईवर जेवायला जातो. ओळखायची खूण एकच, सोपी: पहिल्याच्या खांद्याशी गंजासारखा तांबडा डाग असतो, दुसऱ्याची पाठ कोरी. कार्यालयातले लोक लॅटिनच्या वाटेला जात नसत. एकाला तांबडखांदी म्हणत, दुसऱ्याला कोरी ढाल.

सहाही भुंगेरे कोरे होते. तिने मंगळवारी दुपारी अहवाल लिहिला: कोरी ढाल, करडईला धोका. खाली सही केली. साहेबांनी संध्याकाळच्या आत फवारणीची गाडी मागवली. गुरुवारी सकाळी सहा वाजता अख्खं माळरान औषधाने धुऊन निघणार होतं.

आणि त्या माळरानाच्या दुसऱ्या कडेला तिच्या दादाच्या मधमाश्यांच्या चाळीस पेट्या होत्या.

तिने सहीची घाई का केली, हे तिला त्या सकाळी पेटीपुढे उभं राहिल्यावर लख्ख समजलं. एरवी ती अशा ओळखीला दोन-दोन दिवस लावायची. साहेब चिडले तरी लावायची. पण काल भिंगात पाहताना तिला जाणवलं, की आपले डोळे तांबडा डाग शोधताहेत. तो सापडावा म्हणून शोधताहेत. आपला तो बाब्या, या म्हणीची तिला लहानपणापासून धास्ती. मग तिला स्वतःचीच भीती वाटली. डाग नाही, नाहीच आहे, असं म्हणत तिने पाव तासात अहवाल लिहून टाकला. सही करताना तिला थोडा अभिमानही वाटला होता. सख्ख्या भावाच्या विरुद्ध सही केली, याहून सचोटी ती काय?

सचोटी कसली! तांबडा डाग भुंगेऱ्याला जन्मतः नसतो. पाठ टणक होत जाते, आठ-पंधरा दिवस जातात, मग हळूहळू खांद्याशी गंज चढतो. कोवळेपणी तांबडखांदीही कोरीच. हे तिला ठाऊक होतं. पहिल्या वर्षी शिकलेली गोष्ट. पण भुंगेरे कोवळे आहेत की जून, हे पाहायलाच ती विसरली होती. टाचणी लोण्यात जावी तशी आत गेली, तेव्हासुद्धा तिच्या हाताने डोक्याला काही कळवलं नव्हतं.

फोन वाजला. वहिनी.

"निरोप द्यायला केला फोन," वहिनी म्हणाली. "तुझे दादा पहाटेपासून पेट्या हलवताहेत. बारा झाल्या. कंबर धरलीय त्यांची. तू काळजी करू नकोस."

"वहिनी, अगं..."

"नाही, मी काही म्हणत नाही. सरकारी काम आहे तुझं. घरच्यांसाठी का कुणी काम बाजूला ठेवतं? ठेवते मी, दूध उतू चाललंय."

आदल्या संध्याकाळी तिने दादाला सांगितलं, तेव्हा तो फक्त "बरं" म्हणाला होता. भांडला असता तर बरं झालं असतं. त्या एका "बरं"ने ती रात्रभर कूस बदलत राहिली होती.

पेटी हातात घेऊन ती जिना उतरली आणि साहेबांच्या खोलीत शिरली. साहेब डबा उघडून बसले होते.

"साहेब, कालचा अहवाल मला मागे घ्यायचाय."

साहेबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे? कोरी ढाल नाही?"

"नाही असं म्हणत नाही. आहे की नाही ते सांगता येत नाही. सगळे नमुने कोवळे निघाले. यांच्यावरून काहीच ठरत नाही."

"पोटातली खूण असते ना? ती चिरून पाहता ना तुम्ही?"

"ती कच्च्या किड्यात कच्चीच असते."

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला 'कदाचित' हा शब्द सोसत नसे. "मॅडम, गाडी तीन तालुक्यांत एक आहे. उद्या परत पाठवली तर महिन्याने येईल. तोवर करडईला बोंडं धरतील आणि ते काका माझ्या टेबलावर येऊन बसतील. काल 'आहे' लिहिलंत. आज 'माहीत नाही' म्हणताय. रात्रीतून झालं काय?"

आता सांगणं भागच होतं. ताकाला जाऊन भांडं किती लपवणार?

"साहेब, आणखी एक गोष्ट आहे. माळाच्या पलीकडच्या मधाच्या पेट्या माझ्या भावाच्या आहेत."

साहेबांनी डबा बाजूला सारला.

"हे काल का नाही सांगितलंत?"

"काल निकाल त्याच्या विरुद्ध लागला होता. म्हणून वाटलं, सांगायची गरज नाही."

"आणि आज त्याच्या बाजूने फिरवायचाय, म्हणून गरज पडली." साहेब हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त झोंबलं. "लोक काय म्हणतील, ते मी बोलून दाखवायला हवं का?"

"नको. मी सकाळपासून मनात तेच ऐकतेय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पाच वाजेपर्यंत वेळ आहे. पाचनंतर मी गाडी थांबवू शकत नाही. पण मला 'कदाचित' नकोय. आणि एकट्या तुमच्या शब्दावर आता हा कागद फिरणार नाही, हे तुम्हालाही कळतंय."

कळत होतंच.

ती माळावर पोचली तेव्हा साडेबारा झाले होते. वीटभट्टीच्या भिंतीकडेने दादाच्या पेट्यांची रांग होती. रांगेच्या अलीकडच्या टोकाला बारा जागा रिकाम्या. नुसत्या विटांच्या चवथऱ्यांवर फळ्या. आणि त्या रिकाम्या फळ्यांवर माश्यांचे गुच्छ लटकले होते. घोंघावत, एकमेकींवर चढत, जिथे दार असायला हवं तिथे दार शोधत.

मधमाशीला घराचं तोंड लक्षात राहत नाही, जागा लक्षात राहते. पेटी थोड्या अंतरावर नेली, तर रानात गेलेली माशी जुन्याच जागी परत येते. पेटी हलवायची ती रात्री, सगळ्या माश्या आत असताना, आणि चांगली दोन-तीन कोस लांब. दादाला हे काय शिकवायचं? पण त्याच्याकडे ना गाडी होती, ना दोन रात्री. पहाटेच्या अंधारात जेवढ्या हातगाड्यावर हलल्या, तेवढ्या त्याने ओढ्यापलीकडे नेल्या होत्या.

तो एका फळीपाशी उकिडवा बसला होता. ओल्या फडक्याने माश्या ओंजळीत घेऊन टोपलीत सोडत होता.

"दादा, थांब. आणखी हलवू नकोस. माझं चुकलं असेल."

"असेल, की चुकलंय?"

"तेच बघायला आलेय."

दादाने मान वर केली. डोळ्यांखाली दोन ठिकाणी माश्या चावल्या होत्या. "छोटे, तुझं बरं आहे. तू कागद मागे घेतेस. या कुठे मागे जाणार?" त्याने फळीकडे बोट केलं. "बघ तू तुझं. मला यांना संध्याकाळच्या आत उचलायचंय."

बांधावर जाऊन तिने करडईवाल्या काकांना हाक मारली.

काका झाडाखाली भाकरी सोडून बसले होते. "या भिंगवाल्या बाई! उद्याची तयारी का? मी म्हटलं ना माळाच्या कडेपासून चार हात माझ्या शेतातही मारा."

तिने त्यांना सगळं सांगितलं. भुंगेरे कोवळे निघाले ते, अहवाल घाईत झाला ते, आणि भाऊ कोण तेही. काकांचा चेहरा बदलत गेला.

"अस्सं," ते म्हणाले. "म्हणजे मध गोड लागला."

"काका, मला बोला, काय बोलायचं ते. पण माझ्याबरोबर दोन तास माळावर चला. मी कशाला हात लावणार नाही. शोधायचं तुम्ही, बघायचं तुम्ही, सांगायचं तुम्ही."

"मी काय ओळखणार? मला भुंगा आणि माशी यातला फरक चावल्यावर कळतो."

"तेवढा कळतो ना? बाकीचं मी सांगते."

काका उठले ते संशयानेच. पण उठले.

तिने त्यांच्या हातात आपलं भिंग दिलं आणि पहिल्याच झुडपापाशी बसवलं. वरच्या पानांवर हिरवे ठिपके चिक्कार होते. "याच्या पाठीवर नख टेकवा. जोरात नाही. पिकलेला टोमॅटो बघतो तसं."

"दबतंय."

"मग कोवळा. सोडून द्या, तो साक्षीला चालत नाही. आपल्याला यांचे आईबाप हवेत. गेल्या वर्षीचे, थंडी काढलेले. आता अगदी थोडे उरले असतील. ते वर ऊन खात नाहीत. खाली, बुडाशी, जुन्या पानांच्या पोटाखाली."

"म्हातारी माणसं सावलीतच बसतात," काका म्हणाले आणि कोपरापर्यंत हात काट्यांत घातला. लगेच बाहेर काढला. "अगं आई गं!"

"पान काट्याच्या बाजूने नाही, देठाच्या बाजूने धरा. हां, असं."

दुसऱ्या झुडपावर त्यांना काहीतरी काळं, लिबलिबीत दिसलं आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. "हे काय घाण?"

"भुंगेऱ्याचं पिल्लू, अळी. ती आपली विष्ठा आणि जुनी कात शेपटीच्या काट्यावर गोळा करते आणि छत्रीसारखी पाठीवर धरते. मुंग्या जवळ येत नाहीत."

काकांनी भिंग जवळ नेलं. बराच वेळ पाहिलं. "आमचे धाकटे मेहुणे असेच. घाण त्यांचीच, पण मिरवतात काय!" आणि पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्या झुडपाकडे तिने सांगायच्या आधीच गेले.

तिला मात्र एका जागी उभं राहवेना. हात पाठीशी बांधून ती झुडपांभोवती येरझाऱ्या घालत होती. चारदा तिला वाटलं, ते पान, तिथे, ते उलटा. चारदा तिने जीभ चावली. तिने दाखवायचं आणि त्यांनी पाहायचं असं झालं, तर सगळंच मुसळ केरात. एक वाजला, पावणेदोन झाले. मागून दादाच्या टोपलीतला घुमारा येत होता.

"बाई." काकांचा आवाज बदलला होता. "हा दबत नाही."

ती धावत गेली आणि तीन हातांवर थांबली. "मी बघत नाही. तुम्ही सांगा."

"पाठ टणक आहे. नख वाजलं त्यावर. कडा झिजल्यात थोड्या."

"आणि खांद्याशी?"

काकांनी एक डोळा मिटला. "गंजलाय. लोखंडाचा खिळा भिजल्यावर होतो तसा. दोन्ही बाजूंना."

"डबीत टाका. पण हा एकच आहे. इथे दोन्ही जातींची सरमिसळ असली तर? आता असं करा, काका. तांबडा शोधू नका. कोरा शोधा. टणक पाठीचा आणि कोरा असा एक जरी सापडला, तरी मी हरले. अहवाल होता तसाच राहील, उद्या गाडी येईल, मी एक अक्षर बोलणार नाही."

काकांनी भिंग खाली केलं. "हे तुम्ही तुमच्या तोंडाने सांगताय."

"हो."

"भाऊ ऐकतोय तिकडून."

"ऐकू दे."

त्यानंतर काकांनी जे शोधलं, ते भिडस्तपणा सोडून शोधलं. त्यांना जिंकायचं होतं. सदऱ्याच्या बाह्या काट्यांनी फाटल्या, मनगटावर लाल ओरखडे उठले, पण ते झुडपामागून झुडूप बुडापासून उलटत गेले. दुसरा जून भुंगेरा सापडला: तांबडा. तिसरा: तांबडा. ते डबीत टाकत होते आणि दर वेळी थोडे अधिक जोराने टाकत होते. चौथा सापडायला पाऊण तास लागला. तोही तांबडा. साडेतीन वाजून गेले.

पाचवा माळाच्या अगदी कडेला, करडईच्या बांधापाशी होता. काकांनी तो तळहातावर घेतला, नख वाजवलं, आणि सरळ उभे राहिले.

"हा कोरा आहे."

"नीट पाहिलंत?"

"हिरवासुद्धा नाही धड. मातकट. पण खांद्याशी काही नाही. बघा हवं तर."

"नाही. मी हात लावणार नाही म्हटलंय." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मातकट आहे म्हणालात. बुडाशी होता? माती लागली असेल. पुसून बघा."

काकांनी अंगठा जिभेला लावला आणि भुंगेऱ्याच्या पाठीवरून फिरवला. मग भिंग डोळ्याशी नेलं.

ती त्यांच्यापासून पाच पावलांवर होती. त्या पाच पावलांत तिला सगळं दिसत होतं: काकांची वाकलेली मान, भिंगाच्या काचेवरचा उन्हाचा तुकडा, त्यांच्या मागे भोकं पडलेली करडई. त्यांनी 'कोरा' म्हटलं असतं, तर तो कोरा. चिमटीत दाबून टाकला असता, तर विचारणारं कुणी नव्हतं. त्यांची वर्षभराची शेती होती, उद्याची गाडी त्यांना हवी होती, आणि भिंग त्यांच्या हातात होतं. भिंग तिनेच दिलं होतं.

काकांनी दुसऱ्यांदा अंगठा ओला केला. पुन्हा पुसलं. पुन्हा पाहिलं.

"आहे," ते म्हणाले. मग रागाने, जणू भुंगेऱ्यानेच त्यांना फसवलं होतं, "आहे म्हटलं ना! तांबडाच आहे मेला!"

ती खाली बसली, तिथेच, काट्यांत. काट्यांचं तिला नंतर कळलं.

साहेबांना फोन काकांनीच लावला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. "साहेब, मी बोलतोय, करडईवाला. हो, माळावरूनच. पाच जून सापडले, पाचही तांबडे. नाही, बाईंनी नाही, मी शोधले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. हातच्या काकणाला आरसा कशाला? सही? सहीसुद्धा देतो, पण आज माझी बोटं बघा आधी." मग फोन तिच्याकडे दिला.

"गाडी थांबवतो," साहेब म्हणाले. "डबी उद्या सकाळी माझ्या टेबलावर पाहिजे. आणि मॅडम, भावाबद्दल आधी न सांगितल्याचं पत्र तुम्हाला मिळेल. ते मला द्यावंच लागेल."

"द्या, साहेब."

"अहवाल बरोबर असूनही देणार आहे."

"कालचा बरोबर नव्हता," ती म्हणाली.

ती दादाकडे गेली. त्याने माळावरचं सगळं बोलणं ऐकलं होतं. ते वाऱ्यावर सहज येत होतं. टोपली अर्धी भरली होती. फळीखाली, विटांच्या सांध्यात, मेलेल्या माश्यांचा बारीक थर साचला होता, कारण पाणी नाही, सावली नाही, राणी नाही, आणि दिवस उन्हाचा. तिने फडकं उचललं, ओलं केलं आणि त्याच्या शेजारी बसली. दोघांनी मिळून दोन फळ्या रिकाम्या केल्या. बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, "दुपारी हरली असतीस, तर खरंच गप्प बसली असतीस?"

"हो."

"वाटलंच." तो टोपलीवर फडकं झाकत म्हणाला. "हे वहिनीला सांगू नकोस."

बांधावरून काकांची हाक आली. आधी एक, मग दुसरी, पहिलीपेक्षा मोठी.

"अहो बाई! भावाचं झालं, भुंग्याचं झालं. आता माझं बोला! हे नाही खात, तर मग माझी करडई खातंय कोण?"

तिने फडकं दादाच्या हातात दिलं आणि बांध ओलांडला. अंग दिवसभरात थकून गेलं होतं, पण मन अजून जागेवर बसत नव्हतं. गाडी थांबली म्हणून भोकं बुजत नाहीत. काका उगाच ओरडत नव्हते. पानं खरोखरच खाल्लेली होती, आणि कोणी खाल्ली हे या शेतात उभ्या असलेल्या दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

ती पहिल्या रोपापाशी वाकली. भोकं कडेकडेने होती, कात्रीने कातरल्यासारखी. भुंगेरा असं खात नाही. तो मधेमधे खिडक्या पाडतो. तिने हे काकांना दाखवलं. त्यांनी भिंग परत द्यायला पुढे केलं, मग स्वतःच पानावर धरलं आणि तिच्यासारखाच एक डोळा मिटला.

"बुडाशी बघायचं का?" त्यांनी विचारलं.

"बुडाशी बघा. मातीही उकरा थोडी. मी या ओळीने येते."

"किती दिवस लागतील?"

"माहीत नाही."

"कालपर्यंत तर पाव तासात सांगत होता!"

"म्हणून तर," ती म्हणाली आणि दुसरं पान उलटलं.